रेल्वेनिरीक्षण व रेल्वे छायाचित्रणातील शिष्टाचार

रेल्वेनिरीक्षण म्हणजे आगगाड्या, इंजिने, स्थानके, सिग्नल आणि एकूण रेल्वेचा कारभार आवडीने पाहणे, त्याच्या नोंदी ठेवणे व छायाचित्रे काढणे होय. या छंदात रस घेणाऱ्यांना मराठीत सामान्यतः 'रेल्वेप्रेमी' किंवा 'रेलफॅन' म्हणतात. छंदाला स्वतःचे असे सर्वमान्य मराठी नाव अद्याप रूढ झालेले नाही. रेल्वेचे रूळ, फलाट, यार्ड व फाटके ही सार्वजनिक दिसणारी, पण प्रत्यक्षात सतत काम चालू असलेली ठिकाणे आहेत. त्यामुळे निरीक्षकाने कुठे उभे राहावे, काय करू नये आणि कर्मचाऱ्यांशी कसे वागावे याविषयी काही कायदेशीर नियम व काही अलिखित संकेत निर्माण झाले आहेत. प्रस्तुत लेखात ते मुख्यतः भारतीय रेल्वेच्या संदर्भात दिले आहेत.

पार्श्वभूमी

इंजिनांचे क्रमांक टिपून ठेवण्याचा छंद विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर पसरला. इयान ॲलन यांनी १९४२ मध्ये सदर्न रेल्वेच्या इंजिनांची यादी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली आणि शाळकरी मुलांमध्ये तिचे वेड निर्माण झाले. स्थानकांवर व रुळांजवळ मुलांची गर्दी होऊ लागली, तक्रारी वाढल्या. त्यानंतर त्याच दशकात निघालेल्या 'लोकोस्पॉटर्स क्लब'च्या सदस्यांकडून रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणार नाही असे वचन घेतले जाई. छंद आणि त्याची शिस्त अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी जन्मली.

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हाही ती पाहण्यासाठी लोक जमले होते. संघटित स्वरूपाचा छंद मात्र बराच उशिरा आला. १९८९ पासून कार्यरत असलेला 'इंडियन रेल्वेज फॅन क्लब' हा त्यातील सर्वाधिक परिचित गट होय. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर हा छंद मूठभरांचा राहिला नाही, आणि शिष्टाचाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हाच तीव्र झाला. पूर्वीचा निरीक्षक वेळापत्रक पाठ असलेला, सिग्नलचा अर्थ जाणणारा असे. आजचा छायाचित्रकार पुष्कळदा यांपैकी काहीही न जाणता रुळाशेजारी उभा असतो.

हद्द आणि कायदा

रेल्वे अधिनियम, १९८९ मधील 'रेल्वे' या शब्दाच्या व्याख्येत केवळ रूळ येत नाहीत. कुंपणाच्या किंवा हद्दीच्या खुणांच्या आतील सर्व जमीन तिच्यात मोडते. म्हणून 'मी रुळावर नव्हतो, बाजूच्या गवतात होतो' हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. या अधिनियमाच्या कलम १४७ नुसार अधिकाराविना रेल्वेच्या कोणत्याही भागात प्रवेश करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच कलमाचा दुसरा भाग रेल्वेप्रेमींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. रीतसर आत आलेल्या व्यक्तीने तेथील मालमत्तेचा दुरुपयोग केला किंवा सांगूनही ती बाहेर गेली नाही, तर तोही अपराध ठरतो. फलाट तिकीट दोन तास फलाटावर थांबण्याची मुभा देते. फलाटाच्या टोकाच्या उतारावरून खाली खडीत उतरण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणणे हा कलम १४६ खालील, तर टपावरून, पायरीवरून किंवा इंजिनातून अनधिकृत प्रवास करणे हा कलम १५६ खालील अपराध आहे.

छायाचित्रणाच्या बाबतीत मोठा संभ्रम आढळतो. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार रेल्वेमार्ग हे आपोआप 'निषिद्ध स्थळ' ठरत नाहीत. केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे तसे जाहीर करावे लागते. तथापि अनेक मोठ्या पुलांवर छायाचित्रणास मनाई करणारे फलक आहेत आणि ते पाळणे बंधनकारक मानावे. चित्रपट, जाहिरात वा इतर व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वे प्रशासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते व शुल्क भरावे लागते. घरगुती स्वरूपाच्या छायाचित्रांना सहसा कोणी हरकत घेत नाही, मात्र अनुभव सर्वत्र सारखा नसतो. एका स्थानकावर स्टेशन मास्तर उत्साहाने इंजिनाची माहिती सांगतात, तर पुढच्याच स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाचा जवान कॅमेरा पिशवीत ठेवायला सांगतो. अशा वेळी फलाटावर कायद्याची कलमे म्हणून दाखवू नयेत. स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात जाऊन नम्रपणे उद्देश सांगणे व ओळखपत्र दाखवणे अधिक उपयोगी ठरते. मोठा कॅमेरा किंवा ट्रायपॉड सोबत असल्यास ही भेट आधीच घेणे उत्तम. ड्रोन उडवण्यास ड्रोनविषयक नियम लागू होतात, शिवाय रेल्वेची स्वतंत्र संमती लागते.

संकेतांची भाषा आणि छायाचित्रकार

या छंदातील बहुतेक शिष्टाचार केवळ सभ्यतेपोटी आलेले नाहीत. रेल्वे रंग, प्रकाश, हातवारे व आवाज यांच्या भाषेत चालते. रुळाजवळ उभा असलेला माणूस, त्याची इच्छा असो वा नसो, त्या भाषेत काहीतरी 'बोलत' असतो.

भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार दिवसा लाल बावटा दाखवणे, किंवा बावटा नसल्यास दोन्ही हात डोक्यावर उंच धरणे, म्हणजे 'थांबा'. रात्री लाल दिवा दाखवणे, किंवा पांढरा दिवा शरीरासमोर आडवा जोरजोराने हलवणे याचा अर्थही तोच. असा इशारा दिसल्यास तो कोणी व का दिला याचा विचार करीत बसण्यास लोको पायलटला वाव नसतो. त्याने गाडी थांबवायची असते. आनंदाने दोन्ही हात वर करून गाडीचे स्वागत करणारा मुलगा, लाल ओढणी फडकावत छायाचित्रासाठी उभी राहिलेली तरुणी, अंधारात मोबाइलचा टॉर्च हलवून मित्राला बोलावणारा निरीक्षक हे सर्व नकळत धोक्याचा संकेत देत असतात. म्हणून रुळांच्या परिसरात भडक लाल किंवा हिरव्या रंगाचे वस्त्र हातात घेऊन हलवू नये, गाडीला हात करायचाच असेल तर एक हात शांतपणे करावा, आणि टॉर्च जमिनीकडे रोखलेला ठेवावा. रूळ दुरुस्ती करणारे कर्मचारी घालतात तसे नारिंगी चमकदार जाकीटही निरीक्षकाने घालू नये. लोको पायलट त्याला कर्मचारी समजतो व त्याच्याकडून कर्मचाऱ्याच्या वर्तनाची अपेक्षा करतो.

येणाऱ्या गाडीवर फ्लॅश टाकणे हा सर्वत्र निषिद्ध मानलेला प्रकार आहे. रात्रीच्या अंधाराला सरावलेले डोळे एका झोताने काही क्षण दिपतात आणि नेमक्या त्याच क्षणी पुढचा सिग्नल वाचायचा असतो. लोको पायलट व सहायक लोको पायलट प्रत्येक सिग्नलची स्थिती मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. ही साखळी तुटू नये यासाठी फ्लॅश बंद ठेवावाच, शिवाय काही कॅमेऱ्यांत फोकससाठी लागणारा लालसर दिवाही बंद करावा. तो लहान असला तरी लाल आहे.

गाडीने हॉर्न वाजवावा म्हणून खुणा करण्याची पद्धतही तरुण रेल्वेप्रेमींत आहे. हॉर्नच्या लहान-मोठ्या आवाजांना ठरलेले अर्थ असतात व रुळालगतचे 'सी/फा' हे फलक तो फाटकापूर्वी कोठे वाजवायचा हे सांगतात. एखादा लोको पायलट खुशीने प्रतिसाद देतो, त्यात गोडवा असतो हे मान्य. परंतु मागणी करणे अयोग्यच.

अंतर

ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर प्रवासी डब्याची रुंदी सुमारे ३.२५ मीटर असते. म्हणजे डबा प्रत्येक बाजूस रुळाच्या पलीकडे पाऊण मीटरहून अधिक बाहेर आलेला असतो. रुळापासून हातभर अंतरावर उभा राहिलेला माणूस वस्तुतः गाडीच्या मार्गातच असतो. जून २०२४ मध्ये मेक्सिकोतील हिडाल्गो राज्यात एका ऐतिहासिक वाफेच्या इंजिनासोबत सेल्फी घेण्यासाठी रुळालगत वाकलेल्या महिलेचा इंजिनाचा धक्का लागून मृत्यू झाला, तो याच गैरसमजातून. मोबाइलच्या रुंद कोनाच्या भिंगातून वस्तू आहे त्यापेक्षा दूर दिसते, ही गोष्ट धोक्यात भर घालते.

ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३६ मीटर अंतर कापते आणि तातडीचा ब्रेक लावल्यावरही थांबण्यास सुमारे एक किलोमीटर किंवा अधिक अंतर घेते. विजेवरील गाडीचा आवाज समोरून फारसा येत नाही. दुहेरी वा तिहेरी मार्गावर एका गाडीच्या खडखडाटात दुसरीचा आवाज पूर्णपणे बुडतो. छायाचित्रकारांचे बरेच अपघात, जी गाडी टिपायची होती तिच्यामुळे न होता शेजारच्या मार्गावरील गाडीमुळे होतात. फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागे राहणे हा म्हणूनच पहिला नियम आहे; कॅमेरा, त्याची पट्टी व ट्रायपॉडचे पायही पट्टीच्या मागेच हवेत.

डोक्यावरच्या तारेचा धोका याहून कमी समजला जातो. भारतीय रेल्वेच्या विद्युतमार्गांवर २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. इतक्या दाबाचा प्रवाह तारेला प्रत्यक्ष स्पर्श न होताही हवेतून झेप घेऊ शकतो, म्हणून जिवंत तारेपासून किमान दोन मीटर दूर राहण्याचा नियम आहे. उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर चढून छायाचित्र काढू पाहणारी मुले याच कारणाने होरपळली आहेत. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक किंवा लांब दांडा खाली झुकवणेही तितकेच घातक.

कर्मचाऱ्यांशी वर्तन

रेल्वेच्या परिसरात निरीक्षक हा पाहुणा असतो आणि कर्मचारी कामावर असतो. हे साधे वाटले तरी कोणाचे काम कोणत्या क्षणी चालू आहे, हे बाहेरच्याला दिसत नाही, अडचण तेथेच आहे.

फाटकावरचा गेटमन बाकावर नुसता बसलेला दिसतो. प्रत्यक्षात तो दूरध्वनीवरून स्टेशन मास्तरांशी गाडीच्या वेळेची देवाणघेवाण करतो, फाटक बंद झाल्याची खूण म्हणून खासगी क्रमांक देतो-घेतो व तो नोंदवहीत लिहितो. फाटक हे निरीक्षणासाठी आवडते ठिकाण असल्याने तेथे गप्पा रंगतात. गप्पा गाडी गेल्यावर व्हाव्यात, फोन वाजताच थांबाव्यात आणि निरीक्षकाने केबिनमध्ये पाऊल टाकू नये. स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीला हिरवा बावटा दाखवणारा पॉइंट्समन केवळ उपचार पार पाडत नसतो. तो धावत्या गाडीची चाके, लोंबकळणारे भाग, तापलेली आसपेटी यांकडे पाहत असतो आणि गैर दिसल्यास लाल बावटा दाखवतो. त्याच्या व गाडीच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभे राहणे ही त्यामुळे गंभीर चूक आहे.

रुळांची देखभाल करणाऱ्या तुकडीपासून थोडे दूर, शिट्टी व बावटे घेऊन एक कर्मचारी उभा असतो. येणाऱ्या गाडीची सूचना साथीदारांना देणे एवढेच त्याचे काम. त्याच्याशी बोलू नये, त्याला गाडीची वेळ विचारू नये, त्याची नजर आपल्याकडे वळेल असे काहीही करू नये. वाकून काम करणाऱ्या दहा-बारा जणांचे प्राण त्या नजरेवर अवलंबून असतात. रोज ठरलेला टापू पायी तपासत जाणारा कीमन, पावसाळ्यात घाटात व कोकणात रात्री गस्त घालणारा पेट्रोलमन यांची छायाचित्रे सुंदर येतात यात शंका नाही. मात्र ती विचारून घ्यावीत आणि घाम पुसणाऱ्या किंवा जेवणाऱ्या माणसाकडे 'दृश्य' म्हणून पाहू नये.

लोको पायलटला गाडी चालवताना मोबाइल वापरता येत नाही. म्हणून फलाटावर थांबलेल्या इंजिनाच्या खिडकीशी जाऊन त्याला छायाचित्रासाठी हसायला सांगणे, इंजिनात चढू देण्याचा आग्रह धरणे किंवा पुढील वेगाबद्दल प्रश्न विचारणे टाळावे. इंजिनातील प्रवासासाठी अधिकृत परवाना लागतो. ओळखीवर आत घेतल्यास शिक्षा कर्मचाऱ्यालाच होते. जानेवारी २०२२ पासून गार्ड या पदाचे नाव 'ट्रेन मॅनेजर' झाले असले तरी जुन्या निरीक्षकांच्या तोंडी गार्ड हाच शब्द आहे व त्यात अनादर नाही. गाडी सुटण्याच्या वेळी त्यांच्या डब्याभोवती गर्दी करू नये.

समोर अचानक आलेल्या माणसाला चुकवण्यासाठी लोको पायलट गाडी वळवू शकत नाही. ब्रेक लावून, हॉर्न वाजवत पाहत राहणे एवढेच त्याच्या हाती असते. अशा घटनेची आठवण अनेकांना वर्षानुवर्षे सोडत नाही. रुळालगत अगदी शेवटच्या क्षणी बाजूला होणारा छायाचित्रकार स्वतः सुखरूप राहतो, पण इंजिनातील दोघांना त्या काही सेकंदांत तो मेलाच असे वाटलेले असते. या वर्तनाला 'साहस' म्हणणे रेल्वेप्रेमींच्या जुन्या पिढीला मुळीच मान्य नाही.

काही ठिकाणे

कर्जत-लोणावळा दरम्यानचा भोर घाट (१८६३) आणि कसारा-इगतपुरी दरम्यानचा थळ घाट (१८६५) ही महाराष्ट्रातील निरीक्षकांची आवडती ठिकाणे आहेत. दोन्हींचा चढ ३७ मीटरला एक मीटर असा तीव्र असून चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. भोर घाटात तीन मार्ग, बोगदे व अरुंद कडा असल्याने पायी जाणाऱ्यास बाजूला होण्यास जागाच नसते, आणि अशा चढावर विनाकारण थांबवावी लागलेली गाडी पुन्हा हलवणे सोपे नसते. घाट टिपायचा असल्यास गाडीतून टिपावा. डेक्कन एक्सप्रेसला २०२१ पासून मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा जोडलेला आहे. दारात लोंबकळून वळणावर इंजिन टिपण्याची हौस मात्र खांब व बोगद्याच्या भिंती यांमुळे जीवघेणी ठरते.

गोव्यातील दूधसागर धबधबा कॅसलरॉक-कुळे या मार्गाला लागून आहे. पावसाळ्यात गिर्यारोहक व पर्यटक रुळांवरून चालत तेथे जाऊ लागले, तेव्हा दक्षिण पश्चिम रेल्वेने जुलै २०२३ मध्ये कलम १४७ ची आठवण करून देत धबधब्याचे सौंदर्य गाडीतूनच पाहण्याचे आवाहन केले. रुळांवर आलेल्या काहींना उठाबशा काढायला लावल्याची दृश्ये त्या वेळी गाजली. नेरळ-माथेरान मार्गाची (१९०७) गोष्ट थोडी वेगळी. तेथे गाडी सावकाश चालते व रुळाशेजारून माणसांची ये-जा जुनी आहे, तरी वळणावर गाडी दिसेपर्यंत ती जवळ आलेली असते.

गर्दी जमूनही शिस्त राहू शकते, याचे उदाहरण पुणे स्थानकावर पाहायला मिळते. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस दरवर्षी सकाळी प्रवासी व रेल्वेप्रेमी फलाटावर साजरा करतात, तोही गाडी सुटण्यापूर्वी. याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधील. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दुरुस्तीनंतर 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे प्रसिद्ध इंजिन लंडनहून यॉर्ककडे निघाले, तेव्हा लोक रुळांवर उतरल्याने ते वाटेत थांबवावे लागले.

लहान मुलांना घेऊन या छंदाची सुरुवात करायची झाल्यास नागपूरचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय (२००२) किंवा पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) अधिक सोयीचे. तेथे मूल धावले तरी चालते.

छायाचित्रांची प्रसिद्धी

कर्मचाऱ्याचा चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र त्याच्या संमतीविना प्रसिद्ध करू नये, हा संकेत अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. कौतुकाने टाकलेल्या चित्रफितीत एखाद्याची टोपी नाही, बावटा गुंडाळलेला आहे, असे काही दिसले की त्याच्यावर चौकशी येऊ शकते. एखाद्याने आपुलकीने केबिन दाखवले असेल तर ते चित्र स्वतःपुरतेच ठेवावे. धोकादायक जागेवरून घेतलेले छायाचित्र कितीही चांगले असले तरी जाहीर करू नये, कारण पुढचा छायाचित्रकार तीच जागा शोधत येतो.

नीट नोंद केलेल्या छायाचित्रांचे मोल मात्र मोठे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झालेली नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी, एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावलेली १५०० व्होल्टची अखेरची लोकल, बार्शी लाइट रेल्वेची आता नाहीशी झालेली स्थानके यांची चित्रे रेल्वेप्रेमींच्या संग्रहांमुळे उपलब्ध आहेत. चित्रासोबत तारीख, ठिकाण, गाडीचा व इंजिनाचा क्रमांक लिहावा.

धोका दिसल्यास

तुटलेला रूळ, रुळावर पडलेले झाड वा दरड, गाडीखालून येणारा धूर अशा गोष्टी नियमित निरीक्षकाच्या नजरेस कधी कधी आधी पडतात. अशा वेळी जवळच्या गेटमन किंवा स्टेशन मास्तरांना तत्काळ कळवावे. ते शक्य नसल्यास १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. गाडी येतच असेल तर रुळापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, जिकडून गाडी येते त्या दिशेला, वर सांगितलेला थांबण्याचा इशारा करावा. जागा सांगताना 'मोठ्या वडाजवळ' असे न म्हणता विद्युत खांबावरील आकडे वाचून सांगावेत. त्यांत वरचा आकडा किलोमीटरचा व खालचा त्या किलोमीटरमधील खांबाचा असतो.